फुलांच्या वेळेची झोप

इंदिरानगर, नाशिक
१२ नोव्हेंबर १९९७

सावळीराम,

आशीर्वाद घे. पत्र बघून दचकू नको, सगळं बरं हाय. फोन घरात हाय, पण तो हॉलमध्ये टीव्हीशेजारी. बोलायला लागलं की सगळ्यांचे कान माझ्याकडं. पत्रात कसं, माझं-तुझंच राहतं. अन् बापानं चौथीपर्यंत शिकवलं ते वाया का घालवू?

भागी जाऊन पौषात दोन वर्षं होतील. तू स्वतः चूल पेटवतोस, स्वतः भाकरी थापतोस, याचं मला कौतुक वाटतं अन् वाईटही. तुझी बायको होती पण माझी मैत्रीण आधी होती.

माझं सांगते. तुझे दाजी गेले अन् त्र्यंबकनं मला मखमलाबादच्या मळ्यातून उचलून इथं फ्लॅटात आणलं. मळा आता चिमाजी भावजी बघतात. इथं सगळं हाय, नळाला गरम पाणी येतं. पण एक गोष्ट जमेना. आपल्या फुलांच्या घरात रात्र आठला होती अन् दिवस अडीचला उगवायचा. कळ्या उमलायच्या आत तोडायच्या, बॅटरीच्या उजेडात पाट्या भरायच्या अन् उजाडायच्या आत गंगेवरच्या, गोदेकाठच्या फुलबाजारात टेकवायच्या. लग्न झालं तेव्हापासून हेच. इथं जेवायलाच दहा वाजतात. मग सिरियल. बारापर्यंत दिवा. अन् मी आपली अडीचला टक्क जागी. अंधारात काय करू? भांडी घासते, ओटा पुसते, दळण निवडते. त्र्यंबक कंपनीतून दुसऱ्या पाळीचा दमून आलेला असतो. एकदा ओरडला, आई, तू झोपत नाहीस अन् आम्हाला झोपू देत नाहीस.

त्याचंही काय चुकलं? मग डॉक्टरकडं नेलं. त्यानं बारकी गोळी दिली. काय सांगू तुला, मेल्यासारखी झोप लागते. दूधवाला आला तरी कळत नाय. सूनबाई छाया म्हणते, आई, तुमची निद्रानाशाची तक्रार गेली. मला तक्रार नव्हतीच, त्यांना होती. पण असो, घर शांत झालं.

तू कसा झोपतोस? एकट्या माणसाला रात्र खायला उठते.

तुझी अक्का,
रंगूबाई

*

नांदगाव
२० जानेवारी १९९८

अक्का,

पाया पडतो, इथूनच पडतो, गुडघे धरलेत. पत्राला उशीर झाला. रेल्वेच्या पार्सल हपिसातून निवृत्त झालो तरी माझी सगळी कामं अजून उशिरानेच धावतात.

गोळी लागू पडली हे वाचून बरं वाटलं. घे, बिनघोर घे. आयुष्यभर कोंबड्याच्या आधी उठलीस, आता म्हातारपणी लोळलीस तर कोण विचारतंय. माझी काळजी करू नकोस. मी डोकं टेकलं की घोरतो. शेजारचा भिकन भिंतीपलीकडून ओरडतो की सावळीराम, मालगाडी थांबव.

याच भिकनची गंमत ऐक. त्याची ज्वारी दाण्यावर आलीय आणि पाखरं उठू देत नाहीत. बुजगावण्याला कपडे हवेत म्हणून माझा जुना रेल्वेचा कोट मागून नेला. पितळी बटणांसकट दिला. आता रस्त्यावरून जाणारी निम्मी माणसं त्या कोटाला सलाम ठोकतात. परवा एक म्हातारा बांधावर उभा राहून त्याला विचारत होता, साहेब, मनमाडची गाडी किती लेट आहे? उत्तर मिळेना म्हणून रागावून गेला. नोकरीत होतो तेव्हा मला कोणी एवढा मान दिला नाही. मी उन्हात बसून पोट धरून हसलो.

भागीच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाला गावजेवण घातलं नाही. शेजारच्या चार घरांत पुरणपोळी दिली. तिला तेच आवडलं असतं.

सावळीराम

*

नाशिक
२२ मार्च १९९८

सावळीराम,

आशीर्वाद. तुझं कोटाचं पत्र वाचून लय हसले. छायालाही वाचून दाखवलं.

पाडवा आलाय. इथं गुढी गॅलरीत बांधतात, समोरच्या बिल्डिंगीतल्या लोकांना दिसते. सकाळी उठवत नाय. डोकं जड होतं, तोंडात कापूस भरल्यासारखं वाटतं. चहा घेतला की पुन्हा डोळा लागतो.

छायानं मोगऱ्याच्या कळ्या आणल्या होत्या. म्हणाली, आई, गजरा करून द्या. मी बसले. दोन कळ्या इकडं, दोन तिकडं, अन् मग फास. तो फास काही सापडेना, सावळ्या. बोटं तिथंच थांबली. मी म्हटलं, दोरा चांगला नाय. छाया कळ्या वाटीत ठेवून गेली. दोरा चांगला होता.

पाडवा आलाय. इथं गुढी गॅलरीत बांधतात. समोरच्या लोकांना दिसते.

भागीला सांग, नागलीचे पापड पाठव. मागल्या खेपेला पाठवले तसे, जिरं घालून. अन् तिला म्हणावं मी रागावलेय. एक ओळ लिहीत नाय ती मला. काय झालंय तिला?

अक्का

*

नांदगाव
३० मार्च १९९८

चि. छाया,

तुला मामाचा आशीर्वाद. हे पत्र तुझ्या हपिसच्या पत्त्यावर मुद्दाम टाकतो आहे.

अक्काचं पत्र आलं. भागीकडून पापड मागवलेत. भागी गेली तेव्हा अक्का इथेच होती. तिला शेवटचं लुगडं अक्कानेच नेसवलं होतं.

काय चाललंय ते खरं सांग. लपवू नकोस, आणि लपवायचं असेल तर माझ्यापासून नको. माझं म्हणावं असं आता एकच माणूस उरलंय.

सावळीराममामा

*

नाशिक
९ एप्रिल १९९८

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र मी टेबलाखाली धरून वाचलं. आमचे हेडक्लार्क विचारत होते, काही वाईट बातमी का. मी नाही म्हटलं.

मामा, दिवाळीनंतर आईंचं हळूहळू बिघडत गेलं. आधी चष्मा, किल्ली असं सापडायचं नाही. मग दूध गॅसवर ठेवून विसरायला लागल्या. दोनदा पातेलं जळलं. न्हाणीघरात तोल जाऊन पडल्या, नशिबाने हाड मोडलं नाही. संक्रांतीला खाली तिळगूळ द्यायला गेल्या आणि दुसऱ्याच बिल्डिंगच्या जिन्यात बसलेल्या सापडल्या. मला म्हणाल्या, घर कुठं गेलं गं? आवाज असा होता की मला तिथेच रडू आलं.

डॉक्टर म्हणाले, वयाचा आजार आहे, स्मृतिभ्रंश म्हणतात, यापुढे वाढतच जाणार. दिवसभर मी हपिसात, हे कंपनीत. घरात गॅस आहे, गॅलरी आहे. ह्यांनी शहराबाहेरच्या एका आश्रमात आईंचं नाव घालून ठेवलंय. तिथे अशा माणसांना सांभाळतात. दसऱ्यानंतर जागा होईल म्हणाले. आईंना अजून सांगितलेलं नाही. तुमचा भाचा दुष्ट नाही, मामा. नाव घालून आला त्या दिवशी जेवला नाही. पण दुसरं काही सुचतही नाही.

झोपेचं मात्र व्यवस्थित चाललंय. गोळी एक दिवसही चुकवत नाही. मधेच जाग आलीच तर हाताशी असावी म्हणून पाकीट त्यांच्या उशाशीच ठेवतो.

छाया

*

नांदगाव
१५ एप्रिल १९९८

चि. छाया,

बाळ, तुझ्यावर किंवा त्र्यंबकवर माझा राग नाही, आधी हे वाच आणि मग पुढचं.

आमच्या पार्सल हपिसात एक रीत होती. एखादी पेटी हरवली म्हणून कोणी बोंब मारत आला की आम्ही चोर शोधायला धावत नव्हतो. आधी आपल्याच गोदामात बघायचो. दहातल्या सात पेट्या आपल्याच माणसाने भलत्या कोपऱ्यात रचलेल्या असायच्या. अक्काची आठवण हरवलीय. ती वयाने नेली असेल, असेलही. पण आधी आपल्या गोदामात बघा. तिच्या पोटात काय काय जातंय ते सगळं, रक्तदाबाचं, गुडघ्याचं, झोपेचं, आयुर्वेदाचं चाटण असेल तर तेसुद्धा, एका पिशवीत घाला आणि दुसऱ्या डॉक्टरपुढे उपडी करा. बिघाड दिवाळीनंतर सुरू झाला असं तूच लिहितेस. गोळी केव्हा सुरू झाली तेही तुला ठाऊक आहे.

मी अडाणी माणूस, चूकही असेन. पण आश्रमाच्या आधी एवढं करा. अक्का मळ्यातून निघाली तेव्हा रडली नव्हती. दुसऱ्यांदा घर सोडायला लावलं तर ती रडायचीही विसरेल, मला त्याची भीती वाटते.

मामा

*

नाशिक
४ मे १९९८

ती. मामांना नमस्कार.

तुम्ही सांगितलं तसं केलं. हपिसातल्या एका बाईंनी नव्या डॉक्टरीणबाई सुचवल्या. त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली आणि त्यात झोपेच्या गोळीची दोन वेगवेगळ्या नावांची पाकिटं निघाली. औषध एकच, कंपन्या दोन. एक मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणत होते. दुसरं हे सातपूरच्या कंपनीतून येताना आणत होते.

आणि मग आम्हा दोघांना एकमेकांच्या तोंडाकडे बघवेना. मी नऊला गोळी देत होते. हे दुसऱ्या पाळीवरून आले की आईंना हलवून विचारायचे, गोळी घेतली का? आई म्हणायच्या, नाही. म्हणून हे द्यायचे. त्यात उशाशी पाकीट. जाग आली की आईच आणखी एक घेत असतील, तेही त्यांना आठवत नाही. गोळी घेतल्याचं गोळीमुळेच विसरायच्या, आणि विसरल्या म्हणून पुन्हा घ्यायच्या. आम्ही सगळ्यांनी काळजीनेच केलं हो मामा हे.

डॉक्टरीणबाईंनी मग विचारलं, आजींचं घर कशाचं होतं? मी फुलांचं म्हटलं. किती वाजता झोपायच्या, कधी उठायच्या, सगळं विचारलं. म्हणाल्या, अहो, यांची झोप कुठे गेली होती? झोप पुरेशी होती, फक्त तुमच्या घड्याळाची नव्हती.

मी सरळ विचारलं की विसरण्याचा आजार गोळीने झाला का. म्हणाल्या, ठाम सांगणार नाही. या गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं डोकं मंदावतं, तोल जातो, हे रोज बघते. पण कधी आजारच आधी येतो, तो झोप मोडतो, आणि आपण सगळं गोळीवर ढकलतो. वर्षानुवर्षं घेतल्याने आजार जडतो का, याचा शोध अजून चालू आहे. गोळी कमी करू, मग गोळीचं किती आणि वयाचं किती ते कळेल. एकदम बंद मात्र करायची नाही, त्याने झटके येऊ शकतात. थोडी थोडी उतरवायची, त्यांच्या देखरेखीखाली.

हे म्हणाले, किती दिवसांत कळेल? त्या म्हणाल्या, दसऱ्यापर्यंत धीर धरा. तेव्हा आश्रमातलं नाव दसऱ्यापर्यंत तसंच राहणार आहे. पाकिटं आता माझ्या कपाटात कुलपात असतात आणि देणारी मी एकटीच.

छाया

*

नाशिक
१९ जुलै १९९८

ती. मामांना नमस्कार.

इतके दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं. गोळी उतरवायला घेतली तसे आईंचे हाल झाले. हात थरथरायचे, घाम सुटायचा, छातीत धडधडतं म्हणायच्या. चार-चार रात्री डोळा नाही. आम्हाला शिव्या दिल्या, मळ्यातल्या खास शिव्या, मला निम्म्या नव्याच होत्या. एकदा हे हात जोडून म्हणाले, छाया, देऊन टाक गं ती पूर्ण गोळी. मी दिली नाही. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी उतरवण्याचा वेग कमी केला. मग जरा निभावलं.

मग मला वाटलं, आपण आईंना आपल्या वेळेवर आणायला बघतोय, थोडं आपण तिकडे सरकू. आता आम्ही साडेसातला जेवतो. मागची खोली आईंची केली, आठला तिथला दिवा जातो. सिरियलचा आवाज बारीक असतो. आणि चिमाजीकाकांना निरोप धाडला. बाजाराला जाताना ते टेम्पो मुद्दाम आमच्या खालून वळवून नेतात. जाता जाता वॉचमनकडे कळ्यांची एक करंडी ठेवतात, तो ती वर दाराशी पोचवतो. आई उठल्या की दार लोटून घेतात आणि पाटावर बसतात. भांडी घासत नाहीत. दुपारी जेवून एक डुलकी घेतात, फार लांबू देत नाही.

पहिले काही दिवस कळ्या नुसत्या चाळत बसायच्या. परवा सकाळी मी चहाला उठले तर ओट्यावर हातभर गजरा होता. वेडावाकडा, मधे दोन ठिकाणी सुटलेला. पण फास होते, मामा. मी तोच घालून हपिसात गेले. कोणी विचारलं तर म्हटलं, सासूबाईंनी केलाय.

भागीमामींचं त्यांनी मधे पुन्हा विचारलं. मी सांगितलं, त्या नाहीत आता. आई पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या रडल्या. दुसऱ्या दिवशी मात्र स्वतःच म्हणाल्या, काल तू भागीचं सांगितलंस ना. म्हणजे लक्षात राहिलं.

छाया

*

नांदगाव
१४ ऑगस्ट १९९८

अक्का,

पाया पडतो. छायाची पत्रं येतात, तुझी प्रगती कळते. तुझ्या सुनेला माझ्यातर्फे एक साडी घे, पैसे मी देईन, रंग तू निवड. तिने हट्ट धरला नसता तर आज आपण कुठे असतो. त्र्यंबकला म्हणावं, मामा खूश आहे.

इथे श्रावण कोरडाच चाललाय. मी मजेत आहे. झोप उत्तम, डोकं टेकलं की घोरतो. हल्ली सकाळी जरा जड वाटतं इतकंच, वयाचं असणार.

तुला एक गंमत सांगायची राहिलीच. शेजारी भिकन आहे ना, त्याची ज्वारी दाण्यावर आलीय. पाखरं उठू देत नाहीत. त्याने बुजगावण्यासाठी माझा जुना रेल्वेचा कोट नेला, पितळी बटणांसकट. आता येणारे-जाणारे त्या कोटाला सलाम ठोकतात. परवा तर एक म्हातारा त्याला मनमाडच्या गाडीची वेळ विचारत होता. उत्तर नाही म्हणून रागावून गेला. तू असतीस तर लोळून हसली असतीस.

बाकी सगळं ठीक. डॉक्टरीणबाई सांगतील ते ऐक. आपल्या मनाने गोळी घेऊ नये माणसाने, फार वाईट.

सावळीराम

*

नाशिक
१७ सप्टेंबर १९९८

सावळ्या,

आशीर्वाद. हे पत्र मी एकटीनं लिहिलंय, छायानं फक्त काना-मात्रा बघितल्या.

गोळी बंद झाली. शेवटचा तुकडा पोळ्याच्या आधी घेतला. डॉक्टरीणबाईंनी मला आकडे उलटे म्हणायला लावले, महिने विचारले, घड्याळ काढायला लावलं. घड्याळ बरं जमलं. काटे मी अडीचवर दाखवले तर त्या हसल्या. म्हणाल्या, आजी, बरंच परत आलंय. सगळं येईल असं म्हणत नाही, दर सहा महिन्यांनी दाखवत राहा.

खरंच सगळं आलं नाय. मागचा हिवाळा माझ्याकडं नाय. संक्रांत आठवत नाय, पडले ते आठवत नाय. माणसांची नावं जिभेवर येऊन माघारी जातात. समोरच्या बिल्डिंगीतल्या बाईला मी सरळ तिळगूळ-बाई म्हणते, तिलाही चालतं. पण गॅस बंद करते, जिना चुकत नाय, अन् गजऱ्याचे फास बोटं आपोआप घालतात. खालच्या मजल्यावरच्या पोरी शाळेत जाताना दारात उभ्या राहतात, आजी, माझा झाला का म्हणून.

आश्रमाचंही बोलते. मला ठाऊक होतं. तुम्ही सगळे मला लपवून कुजबुजत होता. गोळीनं आठवण जाते, कान जात नाय. ऐकलेलं सकाळपर्यंत विसरायचे, पण एक भीती छातीत राहायची अन् ती कशाची ते कळायचं नाय. परवा त्र्यंबक स्वतःच तिथं गेला अन् नाव काढून आला. दसऱ्याची वाट बघितली नाय त्यानं. आल्यावर माझ्याजवळ पाटावर बसला अन् कळ्या चाळत राहिला. त्याला लहानपणापासून जमत नाय, बोटं जाड हायत.

अविधवा नवमीला भागीच्या नावानं सवाष्ण जेवू घातली. यंदा मला कोणी आठवण करून द्यावी लागली नाय. रडले, पण माझं मी रडले.

आता तुझ्याकडं वळते. तुझं श्रावणातलं पत्र मी तीनदा वाचलं. कोटाची गंमत तू सांगायची राहिली म्हणतोस. राहिली नव्हती. थंडीत लिहिली होतीस, मनमाडच्या गाडीसकट, रागावलेल्या म्हाताऱ्यासकट. माझा अख्खा हिवाळा गेला रे, पण तो कोट राहिला. एवढी हसले होते मी. अन् भर श्रावणात भिकनच्या शेतात ज्वारी कुठून आली? तेव्हा तिथं बाजरी असते. तुझ्या घरासमोरचं शेत हाय, रोज बघतोस तू.

डोकं टेकलं की घोरतो म्हणतोस. दोन्ही पत्रांत तेच शब्द. सकाळी जड वाटतं म्हणतोस. मी हे सगळं बोललेय, सावळ्या, मला कोण शिकवणार.

कधीपासून घेतोस?

अक्का

*

नांदगाव
२५ सप्टेंबर १९९८

अक्का,

भागी गेली त्या महिन्यापासून.

रात्री कूस बदलली की शेजारची जागा रिकामी लागायची. स्टेशनाजवळच्या दुकानातून आणली. ओळखीचा आहे तो, चिठ्ठी मागत नाही. आधी अर्धी, मग एक, मग कधी दीड. सगळ्या जगाला सांगत होतो की गोदामात बघा, आणि माझं गोदाम माझ्याच उशीखाली होतं. तुझं वाचल्यावर भिकनला विचारलं. तो म्हणाला, काका, ती गंमत तुम्ही मला महिन्यातून चारदा सांगता, मी दर वेळी हसतो. मी त्याला विचारलं, आधी का नाही बोललास? म्हणाला, तुम्ही खूश व्हायचा ना.

मला भीती वाटतेय, अक्का. भागीला एकदा विसरलो तर तिची आठवण काढायला या घरात दुसरं कोणीच नाही.

काय करू ते सांग. गोळी मी माझ्या मनाने थांबवलेली नाही, छायाच्या पत्रातलं झटक्याचं लक्षात आहे. एवढं अजून लक्षात राहतं.

सावळीराम

*

नाशिक
२८ सप्टेंबर १९९८

सावळ्या,

हे कार्डच टाकते, लवकर पोचेल. पोस्टमन वाचेल तर वाचू दे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ये. डॉक्टरीणबाईंकडं तुझं नाव छायानं घातलंय. सगळी पाकिटं पिशवीत घालून आण, एकही मागं ठेवू नको, अन् सध्या घेतोस तेवढीच घे, वाढवू नको. महिना-दोन महिने इथंच राहायचं, मागच्या खोलीत दुसरी खाट टाकलीय. गोळी उतरताना माणूस लय वाईट वागतो. मला मळ्यातल्या सगळ्या शिव्या येतात, तुझ्या शिव्यांना मी भीत नाय. त्र्यंबक म्हणाला, मामा यायलाच पाहिजे.

आठला दिवा जातो, तक्रार करायची नाय. अडीचला उठवीन. दसऱ्याला झेंडूचा ढीग येतो, दोरा ओवायला एक माणूस कमीच पडतं.

नागलीचं पीठ आणून ठेवलंय. जिरं घालून पापड मी करीन, तू चाखून सांग भागीसारखे झाले का. तुला चव आठवते, मला हात आठवतात. दोघं मिळून जमेल.

अक्का